सत्तावीस बाद, नाव एकाचे

प्रश्न : बेसबॉलमध्ये यशाचे श्रेय बहुधा एकट्या पिचरला मिळते, मग इतरांच्या आधारावर विसंबण्याचा धडा या खेळातून कसा मिळावा?

उत्तर : ‘परफेक्ट गेम’, म्हणजे एकाही फलंदाजाला पहिल्या तळावर पोहोचू न देता सलग २७ जणांना बाद करणे, ही पिचरची, अर्थात चेंडू टाकणाऱ्याची, सर्वोच्च कामगिरी मानली जाते, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेत, ती केवळ न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन लार्सनने, ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध, साधली. मात्र त्याचे ‘स्ट्राइकआउट’, म्हणजे चेंडू मैदानात न जाता मिळालेले बळी, सातच होते. उरलेल्या वीस जणांनी चेंडू टोलावला होता आणि त्यांना बाद करणे मुख्यतः क्षेत्ररक्षकांच्या हाती होते. दुसऱ्या डावात डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनचा जोरदार फटका यांकीजचा क्षेत्ररक्षक अँडी केरी याच्या हातमोज्याला लागून उडाला, तेव्हा त्याचा सहकारी गिल मॅकडूगल्डने तो उचलून पहिल्या तळाकडे फेकला (यात दैवाचाही वाटा होता, हे नाकारता येत नाही). पाचव्या डावात यांकीजच्याच मिकी मँटलने दूर धावत जाऊन डॉजर्सच्या गिल हॉजेसचा झेल टिपला. फलंदाजामागे बसून कोणता चेंडू टाकावा याची खूण करणारा कॅचर योगी बेरा याच्यावर लार्सनने संपूर्ण विश्वास टाकला. असा विश्वास दुबळेपणाचा नसून कौशल्याचाच भाग ठरतो, कारण खूण बेराची असली तरी चेंडू अचूक टाकण्याची जबाबदारी लार्सनचीच राहिली. सामना यांकीजने २–० असा जिंकला. त्यातील पहिली धावही सहकाऱ्याचीच, मँटलच्या होमरनची, म्हणजे सर्व तळ पार करून देणाऱ्या फटक्याची, होती.