पाठीवरचा स्पर्श

हातात धरायच्या यंत्राच्या पडद्याला बोट लावले की नेमके बोटाखालचेच चित्र झाकले जाते. मग बोट मागून का लावू नये? सोनी कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये जपानात विक्रीस आणलेल्या ‘प्लेस्टेशन व्हिटा’ या खेळयंत्रात हाच प्रयोग होता. पुढे पाच इंची पडदा, पाठीवर स्पर्श ओळखणारी पट्टी. ‘टेअरअवे’ (२०१३) या खेळात मागून बोट दाबले, की ते पडद्यावरचा कागद फोडून वर आल्यासारखे दिसे! कल्पना मोठी सुरेख. पण यंत्र धरणारी बोटेही मागेच असतात. धरणे कोणते नि हुकूम कोणता, हे पट्टीला कळावे कसे?

आमच्या भिवंडीत विणलेले कापड तपासताना कारागीर खालून हात फिरवतो आणि नजर वर ठेवतो, हे मी पाहिले आहे. पण त्या बोटांवर कापड पेलण्याचा भार नसतो. फरक मला वाटतो तो इथेच.

२०२० साली ॲपलने आयफोनसाठी निराळी वाट काढली. पाठीवर पट्टी नाहीच. दोन किंवा तीन टिचक्या मारल्या, की हालचाल मोजणारा आतला भाग तो हादरा ओळखतो. नुसते धरल्याने तसा हादरा बसत नाही. कव्हर असले तरी बहुधा अडत नाही (आणि आपल्याकडे बिनकव्हरचा फोन शोधावाच लागेल!). ही सोय सुगम्यतेच्या विभागात ठेवली आहे, ते मला योग्य वाटते. ज्याचा अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, तो दोन टिचक्यांत आवाज कमी करू शकतो.