फाळका लागण्याआधी

घर हलवताना गंडलेल्या माणसाची हकिकत बहुधा ट्रकपासून सुरू होते. गाडी उशिरा आली, ड्रायव्हर फोन उचलेना, फ्रिजचं दार चेपलेलं निघालं. पण हे सगळं नंतरचं. घोळ त्याआधीच झालेला असतो, घरात बसून फोनवर भाव ठरला तेव्हा. नेरुळच्या एका शिक्षिकेनं हे भोगलं आहे. ओळखीत कुणाची बदली झाल्याचं कानावर आलं की त्या आपणहून फोन करतात आणि सांगतात, की जे विचारायचं, तपासायचं, लिहून घ्यायचं ते ट्रकचा फाळका लागण्याआधी. सामान एकदा आत गेलं की घासाघीस करायला आपल्या हातात काही उरत नाही.

नवी मुंबईत या सल्ल्याची गरज बारा महिने पडते. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारी कुटुंबं ऐरोलीहून घणसोलीला, सीवूड्सहून उलव्याला घरं बदलत असतात. ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी करणारी मंडळी पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात. शाळा उघडायच्या आत घर लागावं म्हणून मे-जूनमध्ये तर लगबगीला ऊत येतो. गावातल्या गावात सामान न्यायचं असेल तर ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या मागोमाग रिक्षानं जाता येतं. लांब पल्ल्याला मात्र संसार अनोळखी माणसांच्या हवाली करून आपण वेगळ्या वाटेनं निघतो, आणि सगळी जोखीम तिथंच आहे.

नेरुळच्या त्या शिक्षिकाबाईंच्या पतींची बदली बंगळुरूला झाली. त्यांनी मोबाइलवर पॅकर्स-मूव्हर्स शोधले, एका संकेतस्थळावर नंबर टाकला, आणि तासाभरात फोनांची रीघ लागली. याचं कारण साधं आहे. अशी बरीच संकेतस्थळं स्वतः काहीच हलवत नाहीत. चौकशी करणाऱ्याचा नंबर ती एकाच वेळी अनेकांना विकतात. फोन करणाऱ्याकडेही स्वतःचा ट्रक असेलच असं नाही. पुष्कळदा तो दलाल असतो. बुकिंग तो घेतो, काम दुसऱ्याला देतो, गाडी तिसऱ्याची येते. कुठं काही बिघडलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

नावावरही विसंबता येत नाही. या धंद्यात नामांकित कंपनीच्या नावाला एखादं अक्षर जोडून किंवा मागे ‘इंडिया’ लावून दुकान थाटणारे खूप आहेत. ‘अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावानं धंदा करणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सला यासाठी थेट गूगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. आपलं नाव शोधलं तरी वर जाहिरात दुसऱ्याच कुणाची दिसते, ही त्यांची तक्रार होती. 10 ऑगस्ट 2023 रोजी न्यायालयाच्या खंडपीठानं निकाल दिला, की जाहिरातीसाठी कुणाचं नाव शोधशब्द म्हणून विकणं हा त्या व्यापारचिन्हाचा वापरच आहे आणि गूगल त्यात निव्वळ बघ्याच्या भूमिकेत नाही. मात्र त्यातून लोकांची दिशाभूल होत नसेल तर नुसता असा वापर म्हणजे उल्लंघन नव्हे, हेही न्यायालयानं स्पष्ट केलं. सामान्य माणसानं यातून एवढं घ्यावं, की शोधाच्या वरच्या ओळीत दिसणारा नंबर पैसे भरून तिथं आलेला असू शकतो. नामांकित कंपनीच हवी असेल तर तिच्या कार्यालयात जावं. वाशी, तुर्भे, कळंबोली काही लांब नाही.

आता भावाचं. बाईंना तीन ठिकाणांहून आकडे आले. दोघांनी माणूस पाठवून सामान पाहिलं आणि 38 ते 40 हजार सांगितले. तिसऱ्यानं फोनवरच 22 हजारांत काम उरकलं. ‘‘बघायची काय गरज मॅडम, टू बीएचकेचा अंदाज आहे आम्हाला.’’ काम त्याला मिळालं.

या वाक्याला प्रत्येकानं थांबावं. लांबच्या भाड्याचा आकडा सामान ट्रकमध्ये किती जागा खातं यावर ठरतो. त्याशिवाय मजला कितवा, लिफ्ट सामानाला वापरू देतात का, कपाट आणि पलंग खोलायचे का, एसी कोण उतरवणार, पूर्ण गाडी आपली की पार्ट लोड, यातली प्रत्येक गोष्ट त्यात येते. घर न पाहता हा आकडा काढता येत नाही. जो काढतो त्याला तो पाळायचाच नसतो. बाकीच्यांपेक्षा निम्म्यानं काम होणार असेल, तर उरलेली रक्कम वाटेत कुठंतरी वसूल होणार हे नक्की धरावं. म्हणून तीन दर घ्यावेत, तिन्ही घर पाहून दिलेले असावेत, आणि त्यात पॅकिंग, हमाली, दोन्हीकडचे मजले, टोल, जीएसटी सगळं धरलं आहे असं ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं.

कंपनी तपासायला पाच मिनिटं लागतात. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक 15 अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की नोंदणीकृत नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. बाईंनी नंतर तो टाकून पाहिला. कोटेशनवर ‘25 वर्षांची विश्वासार्ह सेवा’ छापलं होतं. पोर्टलवर क्रमांक भलत्याच नावाचा निघाला आणि नोंदणी रद्द झालेली.

‘आयबीए मान्यताप्राप्त’ हा शिक्काही असाच कुठंही छापलेला दिसतो. इंडियन बँक्स असोसिएशन मालवाहतूकदारांची यादी ठेवते ती मुळात बँकांच्या सोयीसाठी, वाहतूक पावत्यांवर कर्ज देता यावं म्हणून. फ्रिज जपून नेण्याची हमी त्यात नाही. तरी कुणी तो शिक्का दाखवला तर यादीत नाव शोधावं. त्याहून मोलाचा कागद म्हणजे 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र. हा कायदा 1 मार्च 2011 पासून लागू आहे आणि सर्वसामान्यांचा माल भाड्यानं वाहून नेणाऱ्याला त्याखाली नोंदणी सक्तीची आहे. हे प्रमाणपत्र मागितल्यावर समोरच्याची बोलती बंद झाली, तर तिथंच काय ते समजावं.

आगाऊ रक्कम कुणाच्या खात्यात जाते, हेही पाहावं. यूपीआयवर कंपनीऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर पैसे पाठवू नयेत. बुकिंगला थोडं टोकन, सामान चढल्यावर काही भाग आणि भरीव रक्कम उतरवून घेतल्यावर, अशी विभागणी भले लोक मान्य करतात. चढवतानाच सगळे पैसे मागणाऱ्याला वाटेला लावलेलं बरं. टोकन घेऊन कुणी गायबच झालं, तर वाट न पाहता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. रक्कम पुढं सरकायच्या आत गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते.

सामान चढवायच्या दिवशी काय घडलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. चार मुलं आली, खोक्यांवर नंबरांचे स्टिकर लागू लागले. त्यातला एक कार्बन घातलेल्या वहीत यादी लिहीत होता. फ्रिज, त्यापुढं ‘ओरखडे’. वॉशिंग मशीन, ‘ओरखडे’. टीव्ही, ‘चालू स्थिती तपासली नाही’. जेवणाचं टेबल, ‘जुनं, डॅमेज’. फ्रिज घेऊन वर्षही झालं नव्हतं. पण खाली सोसायटीचा वॉचमन घाई करत होता, लिफ्टची वेळ संपत आली होती, आणि बाईंनी सही केली. पुढं फ्रिजचं दार चेपलं तेव्हा हीच यादी त्यांच्यापुढं ठेवली गेली.

यादी हा या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे आणि लोक त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. प्रत्येक वस्तूपुढची खरी स्थिती आपण लिहायला लावावी, चुकीचं असेल ते खोडून शेजारी सही करावी. पॅकिंगच्या आधी प्रत्येक उपकरणाचा चालू स्थितीत फोटो काढावा. दुचाकी जाणार असेल तर किलोमीटरच्या आकड्याचाही. सोनं, रोकड, सातबारा, मुलांचे दाखले आपल्याबरोबरच ठेवावेत. गाडीच्या नंबर प्लेटचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो घ्यावा. भाड्याच्या मालवाहू गाडीची पाटी पिवळी असते, तिच्यावर काळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी आली तर तिच्यात सामान चढवू नये. बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती, हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नये, आणि तिच्यावर ठरलेलं भाडं, वस्तूंची एकूण किंमत, पोहोचायची तारीख असायला हवी.

किंमत लिहिण्याला फार मोठा अर्थ आहे. मालवाहतूक कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच असते, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीच्या आत. कागदावर किंमत कमी लिहिली, तर भरपाई त्याहून वर जात नाही. जास्त संरक्षण हवं असेल तर जादा दर भरून तसं लिहून घ्यावं लागतं, किंवा खरा विमा काढावा लागतो. खरा विमा म्हणजे विमा कंपनीची पॉलिसी, तिच्यावर पॉलिसी क्रमांक आणि आपलं नाव. या बाईंकडून ‘ट्रान्झिट इन्शुरन्स 3 टक्के’ असं लिहून पैसे घेतले होते. पॉलिसी कधी निघालीच नव्हती.

गाडी नेरुळहून निघाली आणि कळंबोलीत थांबली. तिथं ट्रक टर्मिनल आहे, गोदामं आहेत, पुढं द्रुतगती मार्ग सुरू होतो. सामान तिथं दुसऱ्या गाडीत भरलं गेलं, आणखी कुणाच्या तरी संसाराबरोबर. बाईंना हे बंगळुरूत कळलं, जेव्हा वेगळ्याच ड्रायव्हरचा फोन आला. सामान अंदाजापेक्षा जास्त निघालं, शिवाय कर्नाटकाचा एंट्री टॅक्स आणि ई-वे बिलाचे पैसे; 18 हजार आधी पाठवा, मग गाडी घराकडे येईल.

यातला टॅक्स हा शुद्ध बनाव. राज्यांचा प्रवेशकर 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाच संपला, महाराष्ट्रातली जकातही राहिलेली नाही, आणि घरच्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागतच नाही. असं कारण कुणी सांगितलं तर ‘पावती दाखव’ एवढंच म्हणावं.

अमेरिकेत अशा अडवणुकीला ‘ओलीस सामान’ म्हणतात आणि राज्याबाहेरच्या वाहतुकीसाठी तिथं स्पष्ट नियम आहे: अंदाज बंधनकारक नसला तरी अंदाजाच्या 110 टक्के रक्कम भरली की सामान उतरवून द्यावंच लागतं, उरलेल्याचं बिल नंतर. आपल्याकडेही असा सोपा, टक्केवारीचा नियम यायला हवा. सध्या आधार आहे तो फौजदारी कायद्याचा. वाहतूकदार म्हणून सोपवलेल्या मालाबाबत विश्वासघात केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(3) खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ऐकायला मिळतं, तेव्हा हे कलम आणि व्हॉट्सअॅपवरचा लेखी भाव पुढं ठेवावा. बाईंनी 112 ला फोन केला, ठरलेल्या भाड्याचा संदेश पोलिसांना दाखवला. पोलीस ड्रायव्हरशी बोलल्यावर 18 हजारांची मागणी विरली आणि उरलेल्या ठरलेल्या रकमेवर सामान उतरलं. एक लेखी संदेश होता म्हणून हे जमलं.

सामान उतरल्यावर ‘सुस्थितीत मिळाले’वर सही मागतात. खोकी मोजून, मोठी उपकरणं उघडून पाहिल्यावरच ती करावी, आणि काही कमी किंवा मोडकं असेल तर त्याच कागदावर लिहावं. मग तक्रार. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुष्कळ कंपन्या तिथल्या नुसत्या विचारणेनंही वाटाघाटीला येतात. न आल्यास जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. नेरुळ-वाशीकरांसाठी आयोग बेलापूरच्या कोकण भवनात आहे. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येत असल्यानं त्यांना अलिबाग. मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षांची.

पण त्याआधी एक मुदत आहे आणि ती अनेकांची हुकते. मालवाहतूक कायद्याच्या कलम 16 प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला 180 दिवसांत पोहोचायला हवी, आणि हे दिवस बुकिंगच्या तारखेपासून मोजले जातात. कंपनी ‘बघतो, कळवतो’ करत महिने काढते ते बहुधा याच भरवशावर. तेव्हा बोलणी चालू असली तरी फोटो, यादी आणि बिल्टीची प्रत जोडून नोटीस पहिल्याच आठवड्यात स्पीड पोस्टानं पाठवावी आणि पोच जपून ठेवावी.