साफ केलेल्या जमिनीची विकर-परीक्षा

वसई-विरार पट्ट्यात केळीच्या व फुलांच्या वाड्या आणि कारखाने आता जवळजवळ आले आहेत. तेल अथवा सांडपाणी शिरलेली जमीन साफ केली आणि पृथक्करणात विष उतरलेले दिसले, एवढ्यावरून ती लागवडीस सिद्ध झाली असे बागायतदारांनी समजू नये. मातीतील सूक्ष्म जीव परतले की नाही, हे पृथक्करण सांगत नाही.

त्यासाठी मातीतील विकरे, म्हणजेच एन्झाइम, मोजतात. युरियाचे विघटन करणारे युरिएज पेशी मेल्यावरही चिकणमातीस बिलगून टिकते. डिहायड्रोजिनेज मात्र जिवंत पेशीतच कार्य करते, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची. १९६४ साली कॅसिडा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मातीत ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड मिसळून ती ३७ अंश सेल्सिअसवर २४ तास ठेवतात. जीव कार्यरत असल्यास तांबडा रंग उमटतो. तांबेयुक्त मातीत तो प्रत्यक्षाहून फिका दिसतो. उलट तेल खाणारे जीवाणू माजले असता आकडा फुगतो.

नमुना उन्हात वाळवू नये. शेजारच्या निर्दोष वाडीतील त्याच जातीच्या मातीचा नमुना त्याच दिवशी, तितक्याच खोलीवरून घेऊन दोहोंची तुलना करवावी. खाडीलगतची खारी माती गोड्या मातीशी ताडू नये. क्षारानेही विकरे मंदावतात. शिसे, कॅडमियम यांचे पृथक्करण मात्र तरीही करून घ्यावे.