पक्षी सर्वांचा, जमीन एकाची : रानहंसांची शिकार, शेतकरी आणि बंदुकीची शिस्त

सप्टेंबर महिना सरत आला की उत्तर ध्रुवाकडील टुंड्रा प्रदेशातून रानहंसांचे थवे दक्षिणेकडे निघतात. कॅनडातील सस्कॅचवान आणि मॅनिटोबा हे प्रांत आणि त्यांच्या दक्षिणेची डाकोटा राज्ये हा त्यांचा वाटेतला मोठा मुक्काम होय. या सपाट प्रदेशात गहू, बार्ली आणि मका यांची अफाट शेते असून त्यांच्यामध्ये उथळ तळी विखुरलेली आहेत. कॅनडा हंस आणि हिमहंस या दोन जाती येथे प्रामुख्याने आढळतात. रात्री तळ्यावर विसावायचे, पहाटे शेतात उतरून दाणे टिपायचे, दुपारी पाण्यावर परतायचे आणि सायंकाळी पुन्हा शेत गाठायचे, असा त्यांचा दिनक्रम असतो. याच दिवसांत शिकारीचा हंगाम उघडतो. तळे पुष्कळदा सार्वजनिक असते, परंतु पक्षी ज्या शेतात उतरतात ते मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. शिकारी आणि जमीनमालक यांच्यातील कलहाचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे.

मालकी कोणाची?

रानपक्षी कोणाच्याही मालकीचा नसतो, त्याला जो पकडील त्याचा तो, असे प्राचीन रोमन कायदा मानीत असे. इंग्लंडमध्ये पुढे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला आणि सामान्य माणसाला तो दुर्लभ झाला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांना ही व्यवस्था नको होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या संविधानाने कुंपण न घातलेल्या जमिनीवर योग्य ऋतूत शिकार करण्याची मोकळीक सर्व रहिवाशांना दिली. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मॅकी विरुद्ध ग्रॅट्झ हा खटला आला. त्याच्या निकालपत्रात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी या जुन्या रूढीची दखल घेतली. देशाच्या मोठ्या भागात, मालकाने मनाई केली नसेल तर, कुंपण नसलेल्या जमिनीवर फिरण्यास आणि शिकार करण्यास मूक संमती आहे असे समजले जाते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

पक्ष्यांविषयीचा कायदा मात्र निराळ्या दिशेने गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारासाठी पक्षी मारणाऱ्यांनी अपरिमित संहार केला. त्याला आळा घालण्यासाठी १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार झाला. १९१८ साली अमेरिकेत त्याला अनुसरून कायदा झाला आणि १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. तेव्हापासून रानहंस कधी मारावयाचे, किती मारावयाचे आणि कोणत्या साधनाने मारावयाचे, हे शासन ठरविते. १९३५ पासून बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे राहणार नाहीत अशी अट आली. जिवंत पक्षी बांधून आमिष दाखविण्यास आणि दाणे टाकून शिकार करण्यास त्याच वर्षी बंदी झाली. सारांश, पक्षी सर्व जनतेचा ठरला. परंतु तो ज्या धसकटांत उतरतो ती जमीन एकट्या शेतकऱ्याचीच राहिली.

शेतकऱ्याची बाजू

शेतकऱ्याचे रानहंसांशी असलेले नाते दुहेरी आहे. या प्रदेशात पुष्कळदा धान्य कापून ओळींनी शेतातच वाळत ठेवतात. पाऊस लांबला तर ते अनेक दिवस तसेच पडून राहते. अशा वेळी हजारो पक्ष्यांचा थवा उतरला म्हणजे जेवढे खाल्ले जाते त्यापेक्षा अधिक तुडविले व घाण केले जाते. म्हणून शिकाऱ्यांनी येऊन थवे हुसकावून लावावेत, असे काही शेतकऱ्यांना मनापासून वाटते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ओल्या शेतात मोटार घातली की चाकांचे खोल चर पडतात आणि वसंत ऋतूत तेथे पेरणी करणे अवघड होते. फाटक उघडे राहिले तर गुरे रस्त्यावर जातात. लपणासाठी खणलेला खड्डा बुजविला नाही तर त्यात जनावराचा पाय मोडतो. वाळलेल्या धसकटांवर तापलेली मोटार उभी केली तर आग लागू शकते. शिवाय पहाटेच्या अंधारात घराजवळ बंदुकीचा आवाज झाला तर कोणते कुटुंब स्वस्थ राहील? यांतील एकही कृत्य द्वेषाने केलेले नसते. परंतु त्याचा परिणाम मालकालाच भोगावा लागतो. पुढच्या वर्षी मग शेताच्या कडेला मनाईची पाटी लागते.

अलीकडच्या काळात जमीन भाड्याने देण्याच्या प्रथेने या वादात भर घातली आहे. दूरच्या शहरांतील शिकाऱ्यांना पैसे घेऊन शिकारीस नेणारे व्यावसायिक शेतेच्या शेते हंगामापुरती घेऊन ठेवतात. पिढ्यान् पिढ्या केवळ ओळखीवर त्या शेतात जाणारा स्थानिक माणूस त्यामुळे बाहेर राहतो. शेतकऱ्याला उत्पन्न मिळते, पण शेजाऱ्याशी असलेला जुना सलोखा तुटतो.

परवानगीचे नियम

मूक संमतीची रूढी हळूहळू मागे पडत आहे. नॉर्थ डाकोटामध्ये पाटी नसलेल्या जमिनीवर शिकाऱ्याला जाता येते. मात्र २०२१ पासून मालकाला प्रत्यक्ष पाटी न लावता शासकीय नोंदीतही मनाई जाहीर करता येते. मिसूरी राज्याने १९९३ मध्ये झाडांवर किंवा खांबांवर जांभळा पट्टा रंगविणे हीच मनाईची खूण म्हणून मान्य केली, कारण कागदाच्या आणि पत्र्याच्या पाट्या लोक काढून टाकीत. सस्कॅचवानमध्ये १ जानेवारी २०२२ पासून पाटी असो वा नसो, मालकाची आगाऊ संमती घेणे शिकाऱ्यावर बंधनकारक झाले. पूर्वी मनाई करण्याचा भार मालकावर होता. आता विचारण्याचा भार शिकाऱ्यावर आला. नियमांची वाटचाल सर्वसाधारणपणे याच दिशेने आहे.

छरा किती दूर जातो?

रानहंसांच्या शिकारीत छऱ्यांची बंदूक वापरतात. तिच्याविषयी एक धोकादायक गैरसमज असा की तिचा पल्ला अल्प असतो. पक्षी खात्रीने मरेल असे अंतर पस्तीस ते चाळीस मीटर एवढेच असते, हे खरे; परंतु छरा तेथे थांबत नाही. फ्रेंच सेनाधिकारी जूर्ने यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे : शिशाच्या छऱ्याचा व्यास जितके मिलिमीटर, तितक्या वेळा सुमारे ऐंशी मीटर हा त्याचा कमाल पल्ला. म्हणजे चार मिलिमीटरचा छरा तीनशे मीटरांच्या पलीकडे जाऊन पडू शकतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छरे अमेरिकेत १९९१ पासून आणि कॅनडात १९९९ पासून बंद झाले, कारण तळ्यात पडलेले शिसे गिळून पक्षी विषबाधेने मरत. त्यांच्या जागी आलेला पोलादी छरा हलका असल्याने काहीसा कमी दूर जातो. पण तो कठीण असल्यामुळे दगडावर किंवा पाण्यावर आपटून उसळी घेण्याचा धोका अधिक असतो.

हे अंतर ध्यानात घेतले म्हणजे कायद्यातील आकडे मनमानी वाटत नाहीत. वस्ती असलेल्या इमारतीपासून नॉर्थ डाकोटात सुमारे ४०० मीटर आणि सस्कॅचवानमध्ये ५०० मीटरांच्या आत, तेथील माणसाच्या संमतीवाचून, शिकार करता येत नाही.

लपणातील शिस्त

पहाटे शेतात बनावट हंस मांडून तीन-चार शिकारी खड्ड्यात किंवा आडोशाला शेजारी शेजारी दडून बसतात. थवा खाली आला की सर्वजण एकदम उठतात. अपघाताची शक्यता याच क्षणी सर्वांत अधिक असते, कारण नजर पक्ष्यावर असते आणि शेजाऱ्याचे भान सुटते. म्हणून प्रत्येकाने आपला कोन आधी ठरवून घ्यावा : डावीकडच्याने डावीकडे, मधल्याने समोर आणि उजवीकडच्याने उजवीकडे. पक्षी त्या कोनाबाहेर गेला तर तो सोडून द्यावा. उठण्याची आज्ञा एकानेच द्यावी आणि जमिनीलगत उडणाऱ्या पक्ष्यावर कोणीही बार टाकू नये.

उरलेले नियम सर्वच बंदुकांना लागू आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. नळीचे तोंड कोणाकडेही वळू देऊ नये. बार टाकण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते पाहावे. कुंपण ओलांडताना काडतुसे काढून घ्यावीत. नळीत चिखल किंवा बर्फ गेला असेल तर बार टाकताना नळी फुटते. म्हणून ती वरचेवर तपासावी. चुकून १२ बोअरच्या बंदुकीत २० बोअरचे काडतूस घातले तर ते घसरून नळीत अडकते आणि त्यामागून दुसरे काडतूस उडविल्यास भयंकर स्फोट होतो. हा घोटाळा टळावा म्हणूनच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.

न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये तरुण शिकाऱ्यांना परवान्यापूर्वी असे शिक्षण सक्तीचे केले. बंदुका आणि दारूगोळा यांवरील कराचा उपयोग वन्यजीवरक्षणासाठी करणारा कायदा १९३७ पासून होता. १९७० नंतर त्या निधीतून शिकाऱ्यांच्या शिक्षणालाही साहाय्य मिळू लागले.

वाद उद्भवल्यास

समजा, शिकारी लपणात बसले आहेत आणि मालक संतापून शेतात आला आहे. परवानगी कोणी दिली, सीमा कोठे आहे, याविषयी दोघांचीही प्रामाणिक समजूत वेगळी असू शकते. भावाने होकार दिलेला असतो आणि बहिणीला ते ठाऊक नसते. किंवा कूळ एक सांगते आणि मालक दुसरेच. अशा वेळी शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आपली बाजू मांडण्याचे नव्हे. त्याने प्रथम बंदूक रिकामी करावी, ती उघडून खाली ठेवावी आणि मगच बोलावे. हातात भरलेली बंदूक असलेल्या माणसाचे सौम्य शब्दही समोरच्याला धमकीसारखे ऐकू येतात. मालकाने जावयास सांगितले तर परवानगी असली तरी निघून जावे; हक्काचा निर्णय दुसऱ्या दिवशी होऊ शकतो. मालकानेही शस्त्र घेऊन शेतात जाऊ नये. मोटारीचा क्रमांक टिपून वनरक्षकाला कळवावे. दोन शिकारी गटांत एकाच थव्यावरून भांडण झाले, तरी हाच नियम लागू पडतो.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकार संपली. त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंबांबाबत हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नाही. तरीही पक्षी सर्वांचा आणि त्याने केलेले नुकसान मात्र एकाचे, हा पेच भारतीय शेतकऱ्यालाही अपरिचित नाही. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात जेथे हा पेच शांततेने सुटला, तेथे कायद्याच्या आधी एक छोटी कृती घडलेली दिसते : हंगामापूर्वी कोणीतरी शेतकऱ्याच्या दारावर थाप मारून परवानगी विचारली होती आणि हंगाम संपल्यावर आभार मानण्यासाठी तो माणूस पुन्हा आला होता.