स्टॉपरचे बोल

कोल्हापुरात पेठेतल्या एका तालमीकडून मी बरीच वर्षं फुटबॉल खेळलो, बचावफळीत स्टॉपर म्हणून. शाहू स्टेडियमवर नाव गाजायचं ते फॉरवर्डचं. खेळून जे पक्कं कळलं, ते मांडतो.

१. लोकांना बॅकचाही गोलच आठवतो. फ्रान्सचा लिलियन थुराम देशाकडून १४२ सामने खेळला, गोल फक्त दोन. दोन्ही १९९८च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये, क्रोएशियाविरुद्ध. बाकीच्या सामन्यांत त्यानं काय अडवलं, ते कुणाला विचारून बघा! त्यातली गंमत अशी की, त्या दिवशी क्रोएशियाच्या सुकरचा गोल झाला तो थुराम मागे रेंगाळल्यामुळं. नाहीतर सुकर ऑफसाइड होता. आपल्या जर्नेल सिंगचंही तेच. भक्कम स्टॉपर, पण नाव निघतं ते १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं. डोक्याला टाके पडले म्हणून कोच रहीमसाहेबांनी त्याला पुढं खेळवलं, आणि फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं गोल मारला. भारत २-१ जिंकला.

२. फॉरवर्डच्या कमरेकडं बघायचं. पाय चकवतो, कंबर चकवत नाही. अंग तिरकं ठेवायचं, त्याला त्याच्या कच्च्या पायाकडं ढकलत न्यायचं, आणि घाई त्याला करू द्यायची. घसरून बॉल काढला की गॅलरीत शिट्ट्या पडतात. पण तुम्ही आधीच योग्य जागी उभे असलात, तर तिकडं पास येतच नाही आणि शिट्टीही पडत नाही. खरं कसब या दुसऱ्या कामात आहे.

३. बक्षिसांवर डोळा ठेवू नये. बॅलन डी'ओर १९५६पासून देतात. बचावपटूंमध्ये बेकनबाउअर, सामर आणि कानावारो, एवढीच नावं. पहिले दोघे बॉल घेऊन पुढं घुसणारे. निव्वळ अडवणारा एकटा कानावारो, २००६चा. तोही जेमतेम पाच फूट नऊ इंच. (उंचीचा हट्ट धरणाऱ्या कोचांनी हे वाचावं.) २०१९मध्ये वॅन डाइक मेस्सीपेक्षा सात गुणांनी मागं राहिला.

४. बॅकची कारकीर्द मात्र लांबते. मालदिनी १९८५ साली सोळाव्या वर्षी मिलानकडून उतरला आणि २००९मध्ये, चाळिशी उलटल्यावर थांबला. क्लब एकच. पळण्यावर जगणाऱ्या फॉरवर्डला हे सहसा जमत नाही.

५. तोंड चालू ठेवा. मुका स्टॉपर बिनकामाचा.

६. लोकप्रिय व्हायचंच असेल, तर लोकांना तुमची झुंज दिसली पाहिजे. संदेश झिंगन चंडीगडचा, पण केरला ब्लास्टर्सकडून खेळताना कोचीनं त्याला डोक्यावर घेतलं. दाढी, अंबाडा, अंग झोकून केलेले टॅकल. शांतपणे जागा धरणारा बॅक तेवढंच काम करतो, पण त्याचं पोस्टर कुणी लावत नाही. हा अन्याय आहे, पण आहे हे असं आहे.

७. स्पर्धेच्या संयोजकांना एक विनंती. उत्कृष्ट बचावपटूचं बक्षीस व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी ठरवू नये. हरलेल्या संघाच्या फॉरवर्डला विचारा. तो जे नाव सांगेल, त्यालाच द्या.