रॅम घेण्याआधी कॅबिनेट उघड

अगं, थांब जरा. "आठ जीबी रॅम द्या" म्हणत दुकानात जाऊ नकोस. कुठली रॅम चालेल हे तुझा मदरबोर्ड ठरवतो, आणि तो तर दुकानदाराने पाहिलेलाही नाही.

तुझा आय३-२१२० हा २०११ सालचा प्रोसेसर. त्याच्यासोबत बहुधा एच६१ बोर्ड आणि डीडीआर३ रॅम असते. डीडीआर४ त्यात बसतच नाही, तिच्या पिना २८८. डीडीआर२ मात्र फसवी. तिच्याही पिना डीडीआर३सारख्या २४०च, फक्त खाच वेगळ्या जागी. म्हणून अंदाजावर जाऊ नकोस. सीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्रॅम टाक. 'मेनबोर्ड'मध्ये बोर्डाचं मॉडेल दिसेल, 'एसपीडी'मध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची माहिती. मॉडेल कळलं की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर कमाल रॅम किती ते बघ.

आता खरी गोम. एच६१च्या बऱ्याच बोर्डांवर स्लॉट दोनच असतात. आत ४ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी घे, काम झालं. पण २-२ जीबीच्या दोन असतील, तर दोन्ही स्लॉट भरलेले. जुन्या काढल्याशिवाय वाढवायला जागाच नाही. मग ४-४ची जोडीच घे. सारख्या दोन पट्ट्या दोन्ही चॅनलवर एकदम काम करतात, म्हणून एका ८पेक्षा मला जोडी बरी वाटते. १६०० वेगाची पट्टी मिळाली तरी घे, तुझा प्रोसेसर तिला १३३३वरच चालवेल. लेबलवर पीसी३-१०६०० किंवा पीसी३-१२८०० आणि १.५ व्होल्ट आहे ना, ते वाच.

काही स्वस्त पट्ट्यांवर 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं, त्या तुझ्या इंटेल बोर्डाला नकोत. सर्व्हरची 'रजिस्टर्ड' रॅमही नको आणि लॅपटॉपची छोटी पट्टीही नको. आणि विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ती वापरणारच नाही, हे आधी तपास.

बसवताना प्लग काढ, पॉवरचं बटण एकदा दाब, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव. खाच जुळव आणि दोन्ही टोकं 'टक्' होईपर्यंत सरळ दाब. चालू केल्यावर नुसते बीप वाजले, तर बहुतेक पट्टी नीट बसलेली नसते. काढून पुन्हा बसव. जोर मात्र करू नकोस.

आणि एक सांगते, रागावू नकोस. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा आहे. तिथे आधी एसएसडी घाल. ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन अडकतं, तेव्हा रॅम.

आज संध्याकाळी कॅबिनेट उघड, पट्टीवरच्या लेबलचा फोटो मला पाठव, आणि माझा होकार आल्यावरच पैसे दे.