गिलगाल येथील मेंढरांचा आवाज

(शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय १५. सोबत वाचावे : २ शमुवेल १२ : १–१४, स्तोत्र १३९ : २३, २४.)

बंड हा शब्द कानी पडताच तलवारी, मशाली आणि फोडलेल्या वेशी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. देवाविरुद्ध बंड असे म्हटले म्हणजे फारोची आठवण होते, कोरहाची व त्याच्या सोबत्यांची होते, आणि आपण मनाशी म्हणतो की हा पाठ आमच्याकरिता नव्हे. मूर्ती आम्ही केव्हाच टाकल्या. बाप्तिस्मा घेतला. रविवारी घंटा वाजली की हातचे काम ठेवून उपासनेस येतो, आणि पसाभर धान्य का होईना, दानार्पणात घालतो. मग आमच्या ठायी बंड ते कसले? प्रिय वाचकहो, ह्याच कारणास्तव आम्ही ह्या वेळी फारोला बाजूस ठेवून शौल राजाकडे वळलो आहो. फारोने परमेश्वराला आपण ओळखत नाही असे तोंडावर सांगितले. शौलाने तसे कधीच म्हटले नाही. तो देवाचे नाव घेत, आज्ञा पाळून आलो असे सांगत आला. आणि तरी त्या दिवशी त्याचे राज्य गेले.

शौलाचा आरंभ पाहू गेल्यास तो गोड आहे. बापाची हरवलेली गाढवे शोधावयास निघालेला हा बन्यामिनी तरुण अभिषेक होऊन घरी परतला, आणि सर्व लोकांपुढे त्याची निवड झाली त्या दिवशी तो सामानसुमानात लपून बसला होता (१ शमुवेल १० : २२). पुढे शमुवेलाच्या द्वारे त्याला अमालेकी लोकांवर जाण्याची आज्ञा झाली. इस्राएल लोक मिसर देशातून थकूनभागून येत असता जे दुबळे मागे राहिले त्यांना ह्याच अमालेकांनी गाठून मारले होते (अनुवाद २५ : १७, १८). त्यांचे काहीही राखावयाचे नव्हते. ना माणूस, ना जनावर. ही आज्ञा वाचताना आमचेही मन दचकते, हे आम्ही लपवीत नाही. तीत तान्ह्या मुलांचा उल्लेख आहे. ज्या प्रभूने लेकरांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला त्याच्या शिष्याला ती वाचून क्लेश न होतील तरच नवल. तिचा उलगडा एवढ्याशा पाठात होणे नाही. एवढे मात्र खचित की अशी आज्ञा आज कोणाही ख्रिस्ती मनुष्याला कोणत्याही लोकांविरुद्ध झालेली नाही, आणि ह्या अध्यायाच्या आधारे जो शेजाऱ्याचा द्वेष शिकवील तो प्रभूचे काम करीत नाही. आपणांस पाहावयाचे आहे ते निराळे. जी आज्ञा शौलाने आपली म्हणून पत्करली तिचे त्याने केले काय?

तेलाईम येथे २,००,००० पायदळ आणि यहूदातले १०,००० पुरुष जमले. जयही मिळाला. मग राजा अगाग जिवंत धरला गेला, आणि मेंढरांतली व गुरांतली उत्तम उत्तम तेवढी राखून ठेविली गेली. जे टाकाऊ व निरुपयोगी होते त्याचा मात्र सर्वस्वी नाश केला. ह्या नवव्या वचनावर, बंधूंनो, थोडे थांबा. शौलाने आज्ञा धुडकावली असे नाही. पुष्कळशी पाळली. जेथे पाळण्याने काही तोटा नव्हता तेथे ती अगदी काटेकोरपणे पाळली. खरकटे फेकून देणे म्हणजे उपास नव्हे, हे आपल्या घरातल्या म्हातारीलाही कळते. शौलाला मात्र आपण मोठा उपास केला असे वाटत होते.

त्याच रात्री शमुवेल झोपला नाही. त्याने रात्रभर देवाचा धावा केला. शौल तिकडे कर्मेलात आपल्यासाठी जयस्तंभ उभारीत होता. (हे कर्मेल यहूदातले गाव आहे, एलीयाने बआलाच्या संदेष्ट्यांशी जेथे सामना केला तो डोंगर निराळा.) नंतर तो गिलगालास उतरला. तेथे दोघांची गाठ पडली, आणि पहा, शमुवेलाने अजून काही विचारलेही नाही, तोच शौल त्याला आशीर्वाद देऊन सांगू लागतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. म्हातारा संदेष्टा एवढेच विचारतो की मग ही मेंढरे ओरडताहेत ती कोठली, आणि हे गुरांचे हंबरणे माझ्या कानी का येत आहे?

अंतःकरणात दडलेल्या बंडाची खूण आम्हांस येथे सापडते. प्रश्न येण्यापूर्वीच ज्याचे उत्तर आपल्या जिभेवर तयार आहे, तेथे हात लावून पहावा. ज्या गोष्टीत आपले मन देवाशी सरळ आहे तिच्याविषयी आपण सफाई देत बसत नाही. चोरी न करणारा मनुष्य वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मी चोर नाही असे सांगत फिरत नाही. परंतु मंडळीच्या सभेत एखादा गृहस्थ कोणी न विचारता म्हणतो की माझे कोणाशी काही वाकडे नाही. किंवा एखादी बाई मुलाच्या लग्नाची गोष्ट निघताच म्हणते की हुंडा आम्ही मागितलाच नाही, त्यांनीच आनंदाने दिला. तेव्हा गिलगालातली मेंढरे जवळच कोठे तरी बांधलेली आहेत असे समजावे. दुसऱ्याच्या गोठ्यातली ऐकू येणे सोपे असते. ह्या पाठात ज्याने त्याने आपल्याच गोठ्याकडे कान लावावा.

शौलाचे पुढील बोलणे अधिकच बारकाईने पाहण्यासारखे आहे. मेंढरे लोकांनी राखली, नाश आम्ही केला, असे तो म्हणतो. चुकीच्या ठिकाणी 'लोक' आणि बऱ्याच्या ठिकाणी 'आम्ही'! शिवाय ही जनावरे परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी आणिली आहेत, असेही तो सांगतो. आणि ते सांगताना परमेश्वराला 'माझा देव' म्हणत नाही, शमुवेलाचा देव म्हणतो. एका अक्षराचा फरक, पण त्यात सारे उघडे पडले. धर्म चालू राहतो, यज्ञही होतात, आणि देव मात्र दुसऱ्या कोणाचा तरी होऊन बसतो. पाळकाचा, आईबापांचा, मिशनचा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. परंतु त्यांनी १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत कबूल केले आहे की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ताचा धर्म होता, पण खुद्द ख्रिस्त आपणांस सापडलेला नव्हता. एवढी विद्वान व त्यागी बाई असे लिहू शकली, तर आपण आपल्याविषयी तोच प्रश्न विचारण्यास का कचरावे?

यज्ञाची सबब तर आपल्या गावांत रोजची आहे. भावाचा बांध कोरून दोन काकऱ्या जमीन आपल्याकडे ओढली, आणि त्या जमिनीतल्या पहिल्या पिकाची पायली देवाला वाहिली. गरजू शेजाऱ्याला जबर व्याजाने पैसे दिले, आणि नाताळात मंडळीला दिवे घेऊन दिले. पावती मिळते, नाव वाचून दाखविले जाते, लोक धन्य म्हणतात. शमुवेल म्हणाला त्याचा भावार्थ असा की ऐकणे हे होमबलीहून देवाला अधिक आवडते. दानाला तो नावे ठेवीत नाही. न ऐकण्याची किंमत दानाने चुकवू पाहणे हे त्याला सोसत नाही.

आता आमच्या मंडळ्यांतले एक राखून ठेवलेले मेंढरू आम्ही नाव घेऊन सांगतो. कोणास राग आला तरी चालेल. ते म्हणजे जात. आम्ही देव्हारे मोडले, गंडेदोरे तोडले, परंतु पूर्वीच्या जातीचा आकडा मनात तसाच ठेवला. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचे वाटेकरी होतो, आणि सोयरीक जुळविताना मात्र घराण्याचे मूळ हळूच विचारतो. एक जण वरून खाली पाहतो, आणि ज्याला कालपर्यंत गावाने वेशीबाहेर ठेविले तोही आपल्याहून खालचा कोणी शोधून काढतो. विचारले तर उत्तर तयार असते : आम्ही मानीत नाही हो, पण नातेवाईक काय म्हणतील! हे शौलाचेच उत्तर. त्यानेही शेवटी हेच सांगितले की मी लोकांना भ्यालो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकात आपली हकीकत लिहिली आहे. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्या आपले सोवळे कडकपणे पाळीत होत्या. पुढे ह्या विषयावर विचार करिता करिता त्यांची खात्री झाली की हे भेद देवाने नव्हे, माणसांनी केले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. त्या वेळी त्यांचा बाप्तिस्मा व्हावयाचा होता. जे त्या बाईने देवळाच्या पायरीपाशी येण्यापूर्वीच सोडले, ते आपण देवळात आणून बाकावर शेजारी बसविले आहे.

शमुवेलाने बंडाची तुलना जादूटोण्याशी केली, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटते. परंतु त्याच पुस्तकाचा २८ वा अध्याय काढून पहा. ज्या शौलाने देशातून भूतविद्येच्या लोकांना घालवून दिले होते तोच वेष पालटून रात्री एन-दोर येथे तसल्याच एका बाईच्या दारी उभा राहिला. देवाचा शब्द एकदा आपल्या सोयीने ऐकण्याची सवय लागली की संकटाच्या रात्री तो शब्द ऐकू येईनासा होतो, आणि मग माणूस कोणाचेही ऐकतो. लेकरू तापाने फणफणत असता अंधारात देवऋषाच्या घरी गेलेली ख्रिस्ती माणसे आम्हांस ठाऊक आहेत. त्यांना आम्ही दोष देण्याची घाई करीत नाही. आईचे काळीज आम्ही जाणतो, आणि अशा रात्री डॉक्टरकडे नेण्यास जवळ माणूस नव्हते हा दोष मंडळीचाही आहे. पण ती वाट त्या रात्री सुरू झाली नव्हती, एवढे ध्यानात घ्यावे. शौलाच्या मृत्यूनंतर त्याचा मुकुट दाविदाकडे घेऊन कोण आले? एक अमालेकी! आपणच राजाला ठार केले असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बक्षिसाच्या लोभाने रचलेले दिसते, कारण ३१ व्या अध्यायाप्रमाणे शौल आपल्याच तलवारीवर पडला. तरी त्याच्या हातातला मुकुट खरा होता.

'मी पाप केले' हे शब्द शौलाने उच्चारले, दाविदानेही उच्चारले. फरक पुढच्या वाक्यात आहे. नाथानाने तोंडावर पाप दाखविल्यावर दाविदाने त्या शब्दांपुढे काहीही जोडले नाही. शौलाने मात्र लागलीच विनंती केली की माझ्या लोकांच्या वडिलांपुढे माझा मान राखा आणि माझ्याबरोबर परत चला. त्याला क्षमेपेक्षा अब्रूची चिंता अधिक होती. आमचे कबूल करणे कोणत्या तऱ्हेचे आहे हे पुढच्या वाक्यावरून ओळखावे.

हे आम्ही परक्या गोठ्यात उभे राहून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी सेवेतल्या एका बंधूशी आमचा बोलाचालीचा प्रसंग झाला. त्यानंतर आम्ही प्रत्येक बुधवारच्या प्रार्थनेत त्यांचे नाव मोठ्याने घेत असू. लोक म्हणत, पहा यांचे मन किती निर्मळ! त्यांचे घर अर्ध्या कोसावर होते. वर्षभर प्रार्थना केली, पण तेथवर चालत गेलो नाही. कोणी विचारल्यास आम्ही त्यांच्याकरिता प्रार्थना करितो, हे उत्तर तयार होते. आणि देवाविरुद्धचे आमचे बंड त्याच उत्तराच्या आड बसले होते. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मत्तयाच्या ५ व्या अध्यायातले अर्पण वेदीपुढे ठेवून भावाकडे जाण्याविषयीचे शिक्षण दुसऱ्यांस समजावून सांगताना आमचीच जीभ अडखळली. त्या संध्याकाळी आम्ही गेलो. त्यांनी बसावयास घोंगडी दिली, चहा दिला, फारसे बोलले नाहीत. पूर्वीचे प्रेम परत आले असे आम्ही म्हणू शकत नाही. परंतु परत येताना प्रार्थना करिता आली, आणि तीत त्यांच्याविषयी नव्हे तर आमच्याविषयी बोलावे लागले.

एक सावधगिरी. काही भक्तांचे मन इतके हळवे असते की असा पाठ वाचून ते रात्र रात्र आपले अंतःकरण उकरीत बसतात, आणि प्रत्येक विचारात बंड पाहतात. अशांनी १ योहान ३ : २० वाचावे व झोपी जावे, आपले मन आपणांस दोषी ठरवीत असले तरी देव त्याहून थोर आहे. स्तोत्रकर्ता १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी स्वतः झडती घेण्यास बसत नाही. तो देवाला ती घेण्याची विनंती करितो, आणि मग सनातन मार्गाने चालविण्याचीही. ज्या अंतःकरणाला यिर्मया सर्वांत कपटी म्हणतो त्याच्याच हाती कंदील देऊन चोर शोधावयास पाठविणे शहाणपणाचे नाही.

उपदेशक बंधूंस एक सूचना. ज्या घरी वाचता येणारे कोणी नाही तेथे हा अध्याय एका बैठकीत, मध्ये अर्थ न सांगता, सावकाश वाचावा. शमुवेलाचे बोलणे एकाने व शौलाचे दुसऱ्याने वाचले तर फार चांगले. शौलाचे उत्तर तीन वेळा बदलते. ते कोठे कोठे बदलते हे श्रोत्यांसच विचारावे, बायकांस व मुलांसही. आमचा अनुभव असा की पहिले उत्तर बहुधा मुले देतात. त्यानंतर थोडा वेळ कोणी न बोलता बसावे. गीत लगेच सुरू करू नये.